डोडो खरंच इतका लठ्ठ होता का?

आज एका जुन्या चित्राची गोष्ट सांगायची आहे. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून मी ते शब्दांत उभं करते. तुम्ही हातातलं काम थांबवू नका, भाजी निवडता निवडता ऐका.

कागदाच्या मधोमध एक पक्षी उभा आहे. रंग तपकिरी. चोच भलीमोठी, टोकाला आकडीसारखी खाली वळलेली. चेहऱ्याची कातडी उघडी, तिच्यावर पिसं नाहीत. पाय भक्कम, आणि पंख मात्र एवढेसे की हा उडत असेल असं वाटतच नाही. त्याच्या भोवती आणखी काही पक्षी काढलेत, तेही अगदी निरखून. एका कोपऱ्यात छोटा लटकन पोपट, एकीकडे हिमालयात राहणारा ठिपक्याठिपक्यांचा रानकोंबडा, खाली पट्टेरी डोक्याचे हंस आणि आपल्याकडे माळावर दिसते ती पखुर्डी. हे सगळे आपल्या देशातले. मधला तेवढा परका. तो डोडो. मॉरिशस बेटावरून आलेला. आज जगात कुठेही, एकसुद्धा डोडो शिल्लक नाही.

चित्र साधारण १६२५ च्या आसपासचं, जहांगीर बादशहाच्या चित्रशाळेतलं. त्यावर सही नाही, पण हात उस्ताद मन्सूरचा असं जाणकार मानतात. सध्या ते रशियात, सेंट पीटर्सबर्ग शहरात आहे. १९५८ साली एका रशियन अभ्यासकाने त्यावर लेख लिहिला, तेव्हा कुठे पक्ष्यांच्या अभ्यासकांचं त्याच्याकडे लक्ष गेलं. म्हणजे सव्वातीनशे वर्षं हा डोडो कागदात निमूट उभा होता.

आता तुमच्या मुलांच्या पुस्तकातला डोडो आठवा. गोल गरगरीत, पोट जमिनीला टेकतंय, बसका, चेहऱ्यावर बावळट भाव. इंग्रजीत तर एखाद्याला खुळं म्हणायचं असेल तर डोडो म्हणतात. शास्त्रज्ञही मागे राहिले नाहीत. लिनियस नावाच्या मोठ्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७६६ मध्ये त्याचं जे लॅटिन नाव ठेवलं, त्याचा अर्थच मुळी बेंगरूळ, कशालाच न जमणारा असा होतो. तोवर डोडो संपून शंभर वर्षं होत आली होती. ज्याने नाव ठेवलं त्याने पक्षी पाहिलेला नव्हता.

मन्सूरचा डोडो काही बावळट दिसत नाही. अंगाने भरलेला आहे, पण ताठ उभा आहे. मग खरं कोणतं? हे शोधायचं तर आधी बेटावर जायला हवं.

मॉरिशस म्हणजे हिंदी महासागरातलं एक लहानसं बेट. १५९८ मध्ये डच खलाशी तिथे उतरले, तेव्हा तिथे माणसांची वस्तीच नव्हती. वाघ, कोल्हा, मुंगूस, मांजर, अंगावर धावून येणारं एकही जनावर नव्हतं. डोडो हा मुळात कबुतराच्या कुळातला पक्षी. हो, कबुतराच्याच. २००२ मध्ये त्याच्या जुन्या अवशेषांतला डीएनए तपासला गेला. तेव्हा त्याचा आज जिवंत असलेला सगळ्यात जवळचा नातलग आपल्या निकोबार बेटांवर सापडणारा निकोबार कबुतर ठरला. तर या डोडोच्या पूर्वजांना त्या बेटावर उडायची गरजच उरली नाही. खायला खाली पडलेली फळं मिळत, पळून जावं असा शत्रू नव्हता. हळूहळू पंख लहान झाले, अंग वाढलं. उंची सुमारे तीन फूट झाली. घरटं जमिनीवर, आणि त्यात अंडं एकच.

डच खलाशांनी त्याला जे नाव दिलं त्याचा अर्थ ‘किळसवाणा पक्षी’ असा होतो. का, तर मांस जितकं शिजवावं तितकं चिवट होतं म्हणून! म्हातारा कोंबडा चुलीवर चढवला की आपली जी गत होते तीच त्यांची झाली असणार. छातीचा आणि पोटाचा भाग बरा लागतो असंही त्यांनी लिहून ठेवलंय. पण बेटावर कबुतरं आणि पोपट भरपूर होते, ते जास्त चवदार. डोडो माणसांनी खाऊन खाऊन संपवला असं आपण ऐकतो. खाल्ला, यात शंका नाही. पण फक्त खाण्याने तो संपला नाही. ते पुढे येईलच.

बेटावरच्या प्रवाशांपैकी बहुतेकांना चित्रकला येत नव्हती. ज्यांना येत होती त्यांनी घाईत काही रेखाटनं केली, त्यांतली १६०१ च्या एका डच जहाजावरच्या रोजनिशीतली सगळ्यांत विश्वासाची मानतात. त्यातही डोडो फार लठ्ठ नाही.

आता सुरतेला या. १६२८ मध्ये पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी सुरतेत आला. त्याने लिहिलंय की सुरतेत आपण मॉरिशसहून आणलेले दोन डोडो पाहिले, हंसाच्या दुप्पट मोठे, ना उडता येणारे, ना पोहता येणारे. हाच मंडी १६३० मध्ये सुरतेहून आग्र्याला निघाला आणि वाटेत त्याने भयंकर दुष्काळ पाहिला, माणसं रस्त्यावर मरून पडलेली पाहिली. तोच हा दुष्काळ, ज्याने देहूला तुकोबांच्या घरावर घाला घातला. त्याच साली शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. म्हणजे डोडोची गोष्ट कुठल्या तरी दूरच्या युगातली नाही, आपल्या बखरींच्या काळातली आहे. तुकोबा देहूत होते तेव्हा त्यांच्यापासून तीनेकशे किलोमीटरवर सुरतेत दोन डोडो दाणे टिपून गेले होते. मला हे कळलं तेव्हा मी दोनदा नकाशा काढून पाहिला.

बादशहापर्यंत डोडो पोचला तो याच सुरतेच्या वाटेने पोचला असावा. जहांगीरला नवलाईच्या प्राण्यांचा भारी नाद. १६१२ मध्ये त्याच्या एका सरदाराने, मुकर्रब खानाने, गोव्याहून काही अनोखी जनावरं खरेदी करून दरबारात आणली. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज, आणि त्यांची जहाजं साऱ्या जगातून माल आणत. त्यात एक टर्की कोंबडा होता. बादशहाने आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्याचं वर्णन केलंय, की याच्या डोक्याचा आणि मानेचा रंग सरड्यासारखा पालटतो. आणि तिथेच त्याने लिहून ठेवलं, की पणजोबा बाबर यांनी प्राण्यांची वर्णनं लिहिली, पण चित्रं काढवून घेतली नाहीत. मी काढवून घेतो, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटणारं आश्चर्य पाहून आणखी वाढेल.

१६२१ मध्ये दरबारात झेब्रा आला. त्या पट्ट्यांवर कुणाचा विश्वास बसेना. कुणीतरी रंग फासून आणला असेल अशी शंका निघाली. मग नीट तपासणी झाली आणि पट्टे खरेच आहेत अशी खात्री करून घेतली गेली. त्या झेब्र्याचं चित्रही मन्सूरचं. त्याला बादशहाने जो किताब दिला त्याचा अर्थ ‘आपल्या काळातला अद्वितीय’. मन्सूरने सायबेरियाहून येणारा पांढरा क्रौंच काढला, बंगालचा तणमोर काढला. पक्ष्यांच्या अभ्यासकांनी या पक्ष्यांची शास्त्रीय नोंद करण्याच्या कितीतरी आधी. अशा दरबारात, जिथे खरं-खोटं पारखून घ्यायची रीत होती, समोर पक्षी ठेवून, मन्सूरने डोडो काढला. म्हणूनच आज अभ्यासक त्या चित्राला मोठा मान देतात. जिवंत डोडोच्या सगळ्यांत अचूक चित्रांत त्याची गणना होते.

आता युरोपात काय झालं ते ऐका. त्याच सुमारास, १६२६ च्या आसपास, रूलांट साव्हेरी नावाच्या चित्रकाराने डोडोचं एक मोठं तैलचित्र काढलं. हाच तो गोल गरगरीत डोडो. साव्हेरी वाईट चित्रकार होता असं मुळीच नाही. रंग सुरेख आहेत, शेजारचे लाल-निळे पोपट तर झकास. पण त्याच्यापुढे बेटावरचा डोडो नव्हता. तिकडे पोचलेले डोडो एकतर महिनोन्‌महिने जहाजावर पिंजऱ्यात बसून आलेले, जे मिळेल ते खाऊन सुटलेले, नाहीतर मेलेल्या पक्ष्याच्या कातड्यात भुसा भरून ठेवलेले. भुसा ठासून भरला तर पक्षी फुगणारच. डोडोचं अंग ऋतूप्रमाणेही कमी-जास्त होत असेल असं काही अभ्यासकांना वाटतं.

लंडनमध्ये १६३८ च्या सुमारास एका माणसाने जिवंत डोडो पाहिला, त्याची हकीकत मला फार आवडते. रस्त्याने जाताना एका घराबाहेर कापडावर रंगवलेलं विचित्र पक्ष्याचं चित्र टांगलेलं त्याला दिसलं. आपल्या जत्रेत तंबूबाहेर फलक लावतात ना, तसंच. आत गेला तर खोलीत हा पक्षी, आणि कोपऱ्यात खड्यांचा ढीग. सांभाळणारा म्हणाला, हा खडे खातो. काही खडे जायफळाएवढे होते. बघणाऱ्यांना ते अजब वाटलं. आपल्याला वाटलं नसतं. कोंबडी खडे टिपते, त्यांच्यावर तिचे दाणे दळले जातात, हे परसात कोंबड्या पाळणारी कुठलीही बाई सांगेल.

साव्हेरीचं चित्र मात्र चाललं. त्यावरून नकला निघाल्या, नकलांवरून नकला. आधीच लठ्ठ, तो प्रत्येक नकलेत आणखी लठ्ठ. ते मूळ चित्र पुढे लंडनच्या संग्रहालयात गेलं आणि डोडो म्हणजे हाच, असं ठरून गेलं.

आणि खऱ्या डोडोचं काय झालं? जहाजांतून उंदीर उतरले. डुकरं सोडली गेली, माकडं आली. जमिनीवरचं घरटं, त्यात एक अंडं, आणि अंगणात डुकरं. तुमच्या खुडूक कोंबडीखालची अंडी एकदा मुंगसाने नेली तर पुन्हा रवण घालता येते, कारण ती डझनभर देते. एकच अंडं, तेही वर्षाकाठी, आणि ते उंदराने फोडलं तर पुढची पिढी येणार कुठून?

शेवटची खात्रीची नोंद १६६२ ची आहे. एक डच जहाज फुटलं, त्यातली माणसं मॉरिशसला लागली आणि जवळच्या एका लहानशा बेटावर त्यांना डोडो सापडले. फोल्केर्ट एफर्ट्स नावाच्या खलाशाने लिहिलंय, की आम्ही एकाचा पाय धरला की तो ओरडायचा, आणि ओरडणं ऐकून बाकीचे त्याच्या मदतीला धावत यायचे, मग तेही पकडले जायचे. यालाच पुढे लोकांनी खुळेपणा म्हटलं. वीसेक महिन्यांनी, जानेवारी १६६४ मध्ये, महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली. ज्या सुरतेत मंडीने डोडो पाहिले होते तीच ही सुरत.

डोडो संपला, आणि पुढे दीडशे वर्षांनी असे लोक निघाले की जे म्हणू लागले, असा पक्षी कधी नव्हताच, ही चित्रकारांची कल्पना! पुरावा तरी कुठे होता? ऑक्सफर्डच्या संग्रहालयात एक भुसा भरलेला डोडो होता, तो खराब होत होत त्याचं डोकं आणि एक पाय एवढंच उरलं होतं. हल्ली, २०१८ मध्ये, त्या डोक्याची यंत्राने आतून तपासणी झाली तेव्हा त्यात शिशाचे छर्रे सापडले. त्याला कुणीतरी मागून गोळी घातली होती.

मग १८६५ साल उजाडलं. मॉरिशसवर तेव्हा इंग्रजांचं राज्य आणि सगळीकडे ऊस. गुलामगिरी बंद झाल्यावर मळेवाल्यांना मजूर हवे होते, ते हिंदुस्थानातून करारावर नेले गेले. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख माणसं तिथल्या बंदरात उतरली. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून, पण मुंबई बंदरातूनही जहाजं गेली आणि त्यांतून आपल्या कोकणातली, घाटावरची माणसं गेली. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथे गणपती बसवतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते.

तिथे जॉर्ज क्लार्क नावाचा एक शाळामास्तर होता. जवळजवळ तीस वर्षं तो डोडोची हाडं शोधत होता. एका मळ्याच्या दलदलीत मजूर खतासाठी चिखल काढत होते, त्यात कासवाची हाडं निघाली असं त्याला कळलं. त्या जागेचं नाव मार ओ सोंज. तिथल्या क्रेओल बोलीत सोंज म्हणजे अळू. अळवाचं तळं! क्लार्कने काय केलं, तर काही मजुरांना तळ्याच्या मध्यावर उतरवलं. तीन फूट पाणी, खाली चिखल. आणि त्यांना सांगितलं, अनवाणी पायांनी चाचपा.

त्यांनी चाचपलं. भात लावताना चिखलात पायाला खडा लागतो की काडी लागते हे आपल्याला न बघता कळतं, तसं. आणि पायांना हाडं लागली. डोडोच्या पायाची हाडं, एक तर अख्खं. त्यानंतर त्या तळ्यातून इतकी हाडं निघाली की जगभरच्या संग्रहालयांत गेली. आज जिथे जिथे डोडोचा सांगाडा उभा आहे, त्यातल्या बहुतेकांची हाडं या अळवाच्या तळ्यातली. क्लार्कने आपली हकीकत छापली, मळेवाल्याचं नाव घेतलं. चिखलात उतरलेल्यांना तो नुसतं ‘कुली’ म्हणतो. एकाचंही नाव नाही.

हाडं लंडनला रिचर्ड ओवेन या बड्या शास्त्रज्ञाकडे पोचली. आता तरी खरा डोडो दिसायला हवा होता, नाही का? ओवेनने साव्हेरीच्या चित्राची बाह्यरेषा घेतली आणि १८६६ मध्ये हाडं त्या रेषेत बसवली! ब्लाउज आधी शिवायचा आणि मग माप घ्यायचं, त्यातला प्रकार. साहजिकच सांगाडाही बसका आणि लठ्ठ झाला. काही वर्षांनी त्याने स्वतःच तो दुरुस्त करून उभा केला, पण तोवर लोकांच्या मनात चित्र पक्कं झालेलं. त्यात १८६५ मध्येच मुलांचं एक प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक आलं, ॲलिसचं, त्यातही डोडो होता आणि त्याचं चित्रही जुन्याच वळणाचं. घराघरांत तोच पोचला.

१९९० च्या दशकात हाडांचं माप घेऊन, ती किती वजन पेलतील याचा हिशोब करून अभ्यासकांनी सांगितलं, की डोडो त्या चित्रातल्यापेक्षा बराच सडपातळ होता.

आणि २०१७ मध्ये दोन बायकांनी आणखी पुढचं काम केलं. डेल्फिन आंग्स्त आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अनसूया चिन्सामी यांनी, सहकाऱ्यांसोबत, डोडोच्या हाडांच्या पातळ चकत्या कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. एका हाडात त्यांना एक खास थर दिसला. पक्षीण अंडं घालायच्या बेतात असते तेव्हा कवचासाठी लागणारं कॅल्शियम ती हाडांच्या पोकळीत असं साठवते. कोंबडीही तसंच करते. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीचं ते हाड एका मादीचं होतं, आणि ती अंड्यावर आलेली होती.

त्यांनी सगळ्या हाडांवरून डोडोचं वर्ष मांडलं. साधारण ऑगस्टच्या सुमारास अंडी घालायची. पिल्लं भराभर वाढायची, कारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तिथे वादळांचा मोसम, त्यात खायला कमी. वादळं सरली की मार्चनंतर जुनी पिसं गळून नवी यायची. जुन्या लेखांत आणि चित्रांत डोडो कुठे करडा, कुठे काळपट, कुठे तपकिरी का दिसतो, यावर लोक पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत होते. पाहणारे वेगवेगळ्या महिन्यांत आले होते, एवढंच त्याचं कारण असू शकतं.

मॉरिशसच्या राजमुद्रेवर आज एका बाजूला डोडो आहे आणि दुसऱ्या बाजूला सांबर. गंमत म्हणजे सांबर तिथलं नाहीच, ते डचांनी जावा बेटावरून आणून सोडलेलं.

घरी कुणाच्या फोनवर इंटरनेट असेल तर मुलांना ‘मन्सूर डोडो’ असं लिहून शोधायला सांगा. मग साव्हेरीचं चित्रही काढायला लावा आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा. आधी पाय बघा, मग मान, मग पोट. मन्सूरच्या चित्रात डोडोच्या भोवतीचे पक्षीही ओळखायचा प्रयत्न करा. पखुर्डी तर तुमच्या माळावर पहाटे पाणी प्यायला येत असेल.